धूलिवादळांचा उपग्रहीय मागोवा

वाऱ्याच्या जोराने शुष्क भूपृष्ठावरील मातीचे सूक्ष्म कण मोठ्या प्रमाणात उचलले जाऊन दृश्यमानता एक किमी.हून कमी होते, तेव्हा त्या आविष्कारास धूलिवादळ म्हणतात. वाळूचे जाड कण जमिनीलगत उड्या मारीत जातात व वारा पडताच खाली बसतात. त्यांच्या आघाताने मोकळी झालेली बारीक धूळ मात्र वर चढते, आणि तिच्यातील काही म्यूमी. (१ म्यूमी. = मीटरचा दशलक्षांश भाग) व्यासाचे कण आठवडा-दोन आठवडे हवेत राहून महासागर ओलांडतात. आर्. ए. बॅग्नोल्ड यांनी १९४१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात वाळूच्या उड्यांची यामिकी स्पष्ट केली होती. परंतु उचलली गेलेली धूळ नेमकी कोठून निघाली व कोठे गेली, हे जमिनीवरून कळण्याचा मार्ग नव्हता. हवामान उपग्रहांमुळे तो उपलब्ध झाला. तथापि धुळीचा पट्टा अवकाशातून दिसणे आणि तो धुळीचाच आहे असे ठरविणे, तसेच तो जेथे दाट दिसतो तेथेच तो उगम पावला असे मानणे, या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. उपग्रहीय मागोव्याचा गेल्या सहा दशकांचा इतिहास हा बव्हंशी हे तीन प्रश्न एकमेकांपासून सोडविण्याचा इतिहास आहे.

उपग्रहपूर्व काळ : जानेवारी १८३२ मध्ये बीगल हे जहाज केप व्हर्द द्वीपसमूहातील सांत्यागू बेटाजवळ असताना चार्ल्स डार्विन (१८०९–८२) यांनी जहाजावर पडलेली तांबूस-तपकिरी धूळ गोळा केली. ही धूळ एवढी दाट असे की, अंधूक हवेमुळे त्या भागात जहाजे किनाऱ्याला लागल्याची उदाहरणे होती. डार्विन यांनी आपले नमुने बर्लिनचे सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ क्रिस्त्यान एरेनबेर्क यांच्याकडे पाठविले. पाच लहान पुड्यांमध्ये एरेनबेर्क यांना ६७ सेंद्रिय रूपे आढळली व दोन अपवाद वगळता त्यांतील सूक्ष्मजीव गोड्या पाण्यातील होते. वाऱ्याची दिशा पाहून डार्विन यांनी १८४६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात धुळीचा उगम आफ्रिकेत मानला. एरेनबेर्क यांना मात्र आफ्रिकेचे म्हणून माहीत असलेले प्रकार तीत सापडले नाहीत. उलट तोपर्यंत केवळ दक्षिण अमेरिकेतच ठाऊक असलेले दोन प्रकार सापडले. वाळवंटातून येणाऱ्या धुळीत गोड्या पाण्यातील जीवांचे अवशेष का असावेत, हा प्रश्न त्यामुळे तसाच राहिला.

आफ्रिकी धूळ नियमितपणे अटलांटिक ओलांडते याचा संख्यात्मक पुरावा १९६५ पासून बार्बेडोस बेटावर मिळू लागला. तेथील पूर्व किनाऱ्यावर, म्हणजे आफ्रिकेपासून सु. ४,००० किमी.हून अधिक अंतरावर, सागरावरून थेट येणारी हवा गाळून तिच्यातील धूळ मोजली जाऊ लागली. जोसेफ प्रॉस्पेरो यांनी हे काम दीर्घकाळ चालविले. १९७० नंतरच्या साहेल प्रदेशातील अवर्षणाच्या वर्षांत बार्बेडोसमधील धूळ लक्षणीय वाढल्याचे त्यांनी १९७७ मध्ये दाखवून दिले. प्रॉस्पेरो व टोबी कार्लसन यांनी १९७२ मध्ये असेही मांडले की, ही धूळ समुद्रालगतच्या दमट हवेतून न जाता तिच्यावरील उष्ण व कोरड्या थरातून प्रवास करते. या थराला ‘सहारा वायुथर’ असे नाव मिळाले. पुढे उपग्रहांनी जे काही दाखविले त्याची पारख करण्यास बार्बेडोसची ही मोजणी वेळोवेळी उपयोगी पडली. गाळणीवरची धूळ ही धूळच असते, तिच्याबद्दल मेघांचा संभ्रम होत नाही.

प्रारंभीची चित्रे : १ एप्रिल १९६० रोजी सोडलेल्या टायरॉस-१ या पहिल्या यशस्वी हवामान उपग्रहाचा उद्देश मेघांची चित्रे घेणे हा होता, आणि सुरुवातीच्या सर्वच उपग्रहांचे तसे होते. दृश्य प्रकाशातील चित्रात समुद्र काळा दिसतो. त्यामुळे त्यावरून जाणारा धुळीचा करडा पट्टा सहज उठून दिसतो. परंतु वाळवंटावरून जाणारी धूळ वाळवंटासारखीच उजळ दिसते. म्हणजे ज्या ठिकाणी धूळ निर्माण होते नेमक्या त्याच ठिकाणी ती दिसत नाही, अशी अडचण होती. डब्ल्यू. ई. शेंक व आर्. जे. करन यांनी १९७४ मध्ये दृश्य व अवरक्त (वर्णपटातील तांबड्या रंगाच्या अलीकडील अदृश्य) प्रारणांची मापने एकत्र वापरून जमीन व पाणी या दोहोंवरील धुळीची वादळे ओळखण्याची पद्धत सुचविली. दिवसा वाळवंटाची जमीन अतिशय तापते. तिच्यावर धुळीचा थर आला, तर उपग्रहाला खालच्या तप्त जमिनीऐवजी वरच्या थंड धुळीकडून येणारे प्रारण मिळते व ती जागा आसपासच्या मानाने थंड दिसते. फ्रेंच शास्त्रज्ञांनी १९७७ पासून आफ्रिकेवर स्थिर झालेल्या मेटिओसॅट मालिकेच्या चित्रांवरून हेच तत्त्व पुढे विकसित केले.

धुळीचा शोध आणि मनुष्याची जबाबदारी यांची गाठ प्रथम अरल समुद्राच्या संदर्भात पडली. कापसाच्या शेतीसाठी अमुदर्या व सिरदर्या या नद्यांचे पाणी वळविल्यामुळे १९६० नंतर हा समुद्र आटू लागला. १९७५ मध्ये सोव्हिएट अवकाशनिरीक्षणांत त्याच्या उघड्या पडलेल्या तळावरून खारट धुळीचे लोट उठताना आढळले. ते वाऱ्याच्या दिशेने सु. ५०० किमी.पर्यंत पसरत. एक पिढीपूर्वी जेथे मासेमारी चालत होती, त्या जागेवरून येणारे हे मीठ परत शेतांवरच पडत होते. गावोगावच्या वेधशाळांच्या नोंदींतून ही गोष्ट उलगडण्यास किती काळ लागला असता, याची कल्पनाच केलेली बरी.

याच सुमारास धुळीविषयीचे एक महत्त्वाचे निरीक्षण दुसऱ्या ग्रहावर झाले होते. नोव्हेंबर १९७१ मध्ये मरिनर-९ हे यान मंगळाचा कृत्रिम उपग्रह बनले, तेव्हा संपूर्ण ग्रह धुळीच्या वादळाने झाकलेला होता व केवळ काही ज्वालामुखींचे माथे वर दिसत होते. धूळ खाली बसेपर्यंत नकाशे काढण्याचे काम लांबणीवर टाकावे लागले. परंतु त्या अवधीत अवरक्त उपकरणाने घेतलेल्या मापनांवरून धुळीने वातावरण तापते व पृष्ठभाग थंड होतो, हे स्पष्टपणे दिसून आले. पृथ्वीवरील धुळीच्या औष्णिक परिणामांच्या अभ्यासालाही त्यातून चालना मिळाली.

ओझोनमापकातील ‘चूक’ : या इतिहासातील सर्वांत मोठी प्रगती धुळीसाठी न बनविलेल्या उपकरणाने झाली. २४ ऑक्टोबर १९७८ रोजी सोडलेल्या निंबस-७ या उपग्रहावर वातावरणातील एकूण ओझोन मोजणारे ‘टॉम्स’ हे उपकरण होते. ते जंबुपार (वर्णपटातील जांभळ्या रंगापलीकडील अदृश्य) प्रारणाच्या निवडक तरंगलांब्या मोजत असे. काही प्रदेशांवर त्याची मापने गणिताने अपेक्षिलेल्या मूल्यांशी जुळत नसत. ही विसंगती आफ्रिकेच्या पश्चिमेस, अरबस्तानावर व मध्य आशियात वारंवार येई. ओझोनच्या दृष्टीने ती दुरुस्त करावयाची त्रुटी होती. १९९० नंतरच्या दशकात जे. हर्मन, एन्. सी. शू, ओ. टॉरेस इत्यादी संशोधकांनी असे दाखविले की, ही त्रुटी म्हणजेच धूळ व धूर यांची खूण होय.

याचे कारण असे : जंबुपार प्रारणात हवेचे रेणू प्रकाशाचे तीव्र प्रकीर्णन करतात आणि ही तीव्रता तरंगलांबीनुसार ठराविक रीतीने बदलते. हवेत जंबुपार प्रारण शोषणारे कण असले, तर खालून येणारा प्रकीर्ण प्रकाश त्यांत अडतो व हा बदल कमी होतो. सागरी मिठाचे कण किंवा मेघ असे शोषण करीत नाहीत. त्यामुळे धूळ व धूर वेगळे काढता येतात. शिवाय जंबुपार प्रारणात वाळवंटसुद्धा काळसर असते, त्यामुळे उजळ जमिनीची जुनी अडचण येथे उरत नाही. हाती असलेली १९७८ पासूनची मापने या दृष्टीने पुन्हा तपासताच जगातील धुळीचा जवळजवळ पंधरा वर्षांचा इतिहास एकदम उपलब्ध झाला. निकामी समजून बाजूला ठेवलेल्या मापनांना असे मोल येण्याची उदाहरणे विज्ञानात थोडीच आहेत.

या सामग्रीवरून प्रॉस्पेरो व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये जगातील धुळीच्या उगमस्थानांचा आढावा प्रसिद्ध केला. आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून अरबस्तान, इराण, सिंधूचे खोरे व मध्य आशिया यांमधून चीनपर्यंत जाणारा एक सलग ‘धूलिपट्टा’ त्यात दिसला. त्याहून महत्त्वाचा निष्कर्ष असा की, वाळूच्या टेकड्यांचे विस्तीर्ण प्रदेश हे धुळीचे मुख्य स्रोत नव्हेत. कोरड्या हवामानातील सखल भाग, आटलेली सरोवरे व जुन्या नद्यांचे गाळाचे तळ हे ते स्रोत होत. बारीक गाळ मुळात पाण्यानेच तेथे आणून साठविलेला असतो. वारा तो फक्त उचलतो.

बोडेले खळगा : अशा स्रोतांमध्ये सर्वांत ठळक ठरला तो चॅड देशाच्या उत्तरेकडील बोडेले हा खोलगट प्रदेश. सु. ६,००० वर्षांपूर्वी आजच्या चॅड सरोवराच्या अनेक पट मोठे असे एक सरोवर तेथे होते. ते आटल्यावर त्याच्या तळाशी करंडक वनस्पतींच्या (डायाटमांच्या) सिलिकामय कवचांचे पांढरे, हलके व ठिसूळ निक्षेप उरले. एरेनबेर्क यांना गोंधळात टाकणारे गोड्या पाण्यातील जीव आफ्रिकी धुळीत का असावेत, याचे स्पष्टीकरण अशा आटलेल्या सरोवरांत मिळते. बोडेलेच्या ईशान्येस तिबेस्ती व एनेदी हे डोंगराळ प्रदेश आहेत. हिवाळ्यात त्यांच्यामधील फटीतून हवा कोंडून वेगाने बाहेर पडते व नेमकी या निक्षेपांवर येऊन आदळते. २००५ मध्ये रिचर्ड वॉशिंग्टन व मार्टिन टॉड यांच्या नेतृत्वाखाली एक तुकडी बोडेलेत प्रत्यक्ष गेली आणि जमिनीलगतच्या या झोतवाऱ्याची मापने तिने घेतली. अवकाशातून ओळखलेल्या जागी जाऊन वाऱ्याचे यंत्र रोवावे लागले, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

पुढील वर्षी इलान कोरेन व इतरांनी असा अंदाज मांडला की, ॲमेझॉनच्या जंगलावर पडणाऱ्या आफ्रिकी धुळीपैकी सु. निम्मी एकट्या बोडेलेतून जाते. या धुळीबरोबर फॉस्फरस जातो व सततच्या पावसाने धुऊन निघणाऱ्या तेथील जमिनीला तो मिळतो, म्हणून ही कल्पना वृत्तपत्रांतही फार लोकप्रिय झाली. परंतु २०२० मध्ये वायुप्रवाहांच्या नव्या गणितावरून बोडेलेचा वाटा बराच कमी असावा व माली–मॉरिटेनिया सीमेवरील एल् जूफ या प्रदेशाचा अधिक असावा, असे प्रतिपादन करण्यात आले. बोडेले हा मोठा स्रोत आहे याविषयी वाद नाही. त्याची धूळ ॲमेझॉनपर्यंत पोहोचते की वाटेतच गिनीच्या आखाताकडील पावसाने धुऊन निघते, एवढाच वाद आहे. मोहक कल्पना पुराव्याच्या पुढे धावते तेव्हा असे घडते.

वेळेचा प्रश्न : टॉम्सवरून काढलेल्या नकाशांत एक दोष होता. निंबस-७ ध्रुवीय कक्षेत फिरत असल्याने एखाद्या स्थळावरून तो दिवसा एकदाच, दुपारच्या सुमारास जात असे. धूळ जर सकाळी उठली असेल, तर दुपारपर्यंत ती शंभर-दोनशे किमी. सरकलेली असे, शिवाय जमिनीलगतची धूळ टॉम्सला नीट जाणवत नसे, वर चढलेली अधिक जाणवे. परिणामी धुळीचा सर्वांत दाट ठिपका हा तिच्या उगमस्थानी नसून वाऱ्याच्या दिशेने पुढे असण्याचा संभव होता. २८ ऑगस्ट २००२ रोजी सोडलेल्या दुसऱ्या पिढीच्या मेटिओसॅटने दर १५ मिनिटांस चित्र देण्यास सुरुवात केल्यावर हा दोष दूर करता आला. सिलिकेटी धूळ ११ म्यूमी.च्या आसपासचे अवरक्त प्रारण १२ म्यूमी.च्या मानाने अधिक शोषते. बर्फकणांच्या मेघांत हे उलट असते. दोन्ही तरंगलांब्यांवरील तापमानांची वजाबाकी केली असता धूळ व मेघ वेगळे होतात. त्यात ८.७ म्यूमी.च्या मापनाची भर घालून बनविलेल्या रंगीत चित्रांत धूळ गुलाबी दिसते, आणि ही चित्रे रात्रीही मिळतात. केर्स्टिन शेपान्स्की व सहकाऱ्यांनी अशी हजारो चित्रे उलट क्रमाने पाहून प्रत्येक लोट जेथे प्रथम दिसला तेथपर्यंत त्याचा माग काढला (२००७). सहारातील बहुतेक स्रोत सकाळी, रात्रीचा झोतवारा सूर्योदयानंतर जमिनीपर्यंत उतरतो त्या वेळी, जागे होतात असे त्यांना आढळले. त्यामुळे डोंगरपायथ्यांचे अनेक स्रोत नकाशात नव्याने आले.

जमिनीवरील धुळीचे प्रमाण मोजण्यासाठी दुसरा मार्गही निघाला. टेरा (१९९९) व ॲक्वा (२००२) या उपग्रहांवरील ‘मोडिस’ उपकरणाच्या निळ्या प्रकाशातील मापनांत वाळवंट पुरेसे काळसर दिसते, याचा उपयोग करून घेण्यात आला. अशा मापनांवरून पॉल जिनू व इतरांनी २०१२ मध्ये असा अंदाज केला की, जगातील सु. ७५ टक्के धूळ नैसर्गिक स्रोतांतून व २५ टक्के शेती आदी मानवी वापराखालील भूमीतून उठते. शेजारील राष्ट्रे एकमेकांच्या धुळीबद्दल तक्रार करू लागली असताना या विभागणीला केवळ शास्त्रीय महत्त्व राहिलेले नाही.

उंची : एप्रिल १९९८ मध्ये गोबी वाळवंटात उठलेल्या वादळाची धूळ पॅसिफिक महासागर ओलांडून उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर पोहोचली. सागराचा रंग पाहण्यासाठी सोडलेल्या सीविफ्स या उपग्रह-उपकरणाने तिचा संपूर्ण प्रवास टिपला. पण असा लोट कोणत्या उंचीवरून जातो, हे वरून घेतलेल्या चित्रातून कळत नाही. २८ एप्रिल २००६ रोजी सोडलेल्या कॅलिप्सो या उपग्रहावर लिडार (प्रकाशीय रडार) होते. लेसर प्रकाशाचे स्पंद खाली सोडून परत येणाऱ्या प्रकाशाच्या वेळेवरून ते थराची उंची ठरवी. गोल थेंबांवरून परतलेल्या प्रकाशाचे ध्रुवण टिकते, तर धुळीच्या वेड्यावाकड्या कणांमुळे ते बिघडते. म्हणून धूळ ओळखणेही शक्य झाले. मे २००७ मध्ये चीनमधील ताक्लामाकान वाळवंटात उठलेली धूळ सु. ८ ते १० किमी. उंचीवरून तेरा दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा करून आल्याचे जपानी शास्त्रज्ञांनी कॅलिप्सोच्या साहाय्याने दाखविले. २००७ ते २०१३ या काळातील कॅलिप्सोच्या मापनांवरून आफ्रिकेतून अटलांटिकवर दरवर्षी सरासरी १८ कोटी २० लक्ष टन धूळ जाते व तीपैकी सु. २ कोटी ७७ लक्ष टन ॲमेझॉन खोऱ्यात पडते, असा अंदाज हाँग्बिन यू व इतरांनी २०१५ मध्ये केला. कॅलिप्सोचे कार्य २०२३ मध्ये समाप्त झाले. २०२४ मध्ये सोडलेल्या अर्थकेअर या यूरोपीय-जपानी उपग्रहावर लिडार आहे.

अरबी समुद्र व भारत : उन्हाळ्यात अरबस्तान व मेसोपोटेमियावरील वायव्य वारे नैर्ऋत्य मान्सूनच्या दमट प्रवाहावरून धूळ अरबी समुद्रावर आणतात, थर मार्च ते जून या काळात आपली आंधी निर्माण करते. थरच्या धुळीचा हवामानाशी संबंध जोडण्याचा पहिला धाडसी प्रयत्न रीड ब्रायसन व डेव्हिड बेरिस यांनी १९६७ मध्ये केला. राजस्थानवरील दाट धूळ हवेला थंड करून खाली बसविते, त्यामुळे पाऊस घटतो व वाळवंट स्वतःला टिकवून धरते, असे त्यांचे मत होते. उपग्रहीय मापने हाती आल्यावर चित्र अधिक गुंतागुंतीचे झाले. व्ही. विनोज व सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये असे दाखविले की, अरबी समुद्रावर व पश्चिम आशियावर धूळ वाढली असता सु. आठवड्याभरात मध्य भारतातील पाऊस वाढतो. धुळीने तापलेली हवा समुद्रावरून अधिक बाष्प ओढून आणते, असा त्याचा अर्थ लावला जातो. दोन्ही निष्कर्षांतील प्रदेश व कालावधी वेगळे असल्याने एकाने दुसरा खोडला असे म्हणता येत नाही. मात्र धूळ म्हणजे अवर्षण हे जुने समीकरण त्यामुळे ढळले.

भारताच्या स्वतःच्या उपग्रहांना धूळ ओळखण्याची क्षमता उशिरा आली. १९८३ मधील इन्सॅट-१बी व त्यानंतरच्या उपग्रहांवर औष्णिक अवरक्त प्रारणाचा एकच पट्टा मोजला जात असे. ११ व १२ म्यूमी. यांची वजाबाकी त्यावरून करता येत नसे. २६ जुलै २०१३ रोजी सोडलेल्या इन्सॅट-३डी या उपग्रहावर हे दोन पट्टे प्रथम वेगळे झाले. २२–२३ जानेवारी २०२२ रोजी पाकिस्तानकडून उठलेली धूळ उत्तर अरबी समुद्र ओलांडून गुजरात व कोकण किनारपट्टीवर आली. मुंबईत मोटारींवर पांढुरकी पूड बसली, दिवसाचे तापमान बरेच उतरले आणि अनेकांनी ते धुके समजले. उपग्रहचित्रांत मात्र समुद्रावरील धुळीचा पट्टा आदल्या दिवशीच दिसत होता.

मागोव्याच्या मर्यादा : मेघांखालील धूळ अजूनही बहुतेक उपकरणांना दिसत नाही, आणि मोठ्या गडगडाटी वादळांच्या पुढे धावणारी धूळ बहुधा मेघांखालीच असते. २ मे २०१८ रोजी उत्तर प्रदेश व राजस्थानात शंभरांहून अधिक बळी घेणारे वादळ या प्रकारचे होते. तसेच उपग्रह संपूर्ण वायुस्तंभातील धूळ मोजतो. माणूस श्वासावाटे घेतो ती जमिनीलगतची धूळ, आणि या दोहोंचे गुणोत्तर दररोज बदलते. म्हणून जागतिक हवामानविज्ञान संघटनेने २००७ मध्ये स्थापिलेल्या इशारा यंत्रणेत उपग्रह, संगणकीय प्रतिकृती व जमिनीवरील केंद्रे अशा तिन्हींचा उपयोग केला जातो. जुलै २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर बसविलेले ‘एमिट’ हे उपकरण उगमप्रदेशांतील मातीची खनिजे वर्णपटावरून ओळखते. तांबड्या लोहखनिजांची धूळ उन्हाची उष्णता शोषते, तर फिकट मातीची धूळ ती परावर्तित करते. आतापर्यंतच्या गणितांत या दोहोंचे प्रमाण मोजक्या मृदानमुन्यांवरून धरले जात असे.